वैद्यकीय ग्रंथपालाची नोकरी : शोधावी कशी, मिळवावी कशी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पदवीधर विद्यार्थी-विद्यार्थिनींसमोर केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलावे असे संस्थेने मला कळविले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फार विचार करावा लागला नाही. तो विषय गेल्या वर्षी याच ठिकाणी माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. बक्षीस समारंभ आटोपला होता आणि मंडळी चहासाठी उठली होती. एवढ्यात एक मुलगी आपल्या आईला घेऊन माझ्याकडे आली. बी. ए. होऊन ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली. दोन वर्षे घरी बसलेली. आई म्हणाली, "भाईसाहेब, सतरा ठिकाणी अर्ज केले, एका ठिकाणाहून बोलावणे नाही. आमची कुठे ओळख नाही. तुम्ही कोणाकडे तरी शब्द टाका."

मी मुलीला म्हटले, "बेटा, अर्जांच्या प्रती आहेत का?" मुलगी व्यवस्थित होती. तिने पिशवीतून फाईल काढली. मी उभ्याउभ्याच चाळली. सतरा अर्ज, आणि सतराही एकाच मायन्याचे. शाळेला तोच, बँकेला तोच, वकिली महाविद्यालयाला तोच आणि इस्पितळालाही तोच. प्रत्येकात लिहिलेले, की मी पदवीधर आहे, मला ग्रंथालयाच्या कामाची आवड आहे, संधी मिळाल्यास मी प्रामाणिकपणे काम करीन. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण तो अर्ज वाचून, ही मुलगी *माझ्याच* ग्रंथालयाला हवी आहे, असे कोणालाही वाटले नसते.

मित्रांनो, मी पस्तीस वर्षे वैद्यकीय ग्रंथालयांत काढली. त्यामुळे आज मी त्याच क्षेत्राविषयी बोलणार आहे. पण जे सांगणार आहे ते कायद्याच्या, शेतीच्या किंवा वर्तमानपत्राच्या ग्रंथालयालाही लागू आहे. सांगायची मुख्य गोष्ट एकच. विशिष्ट विषयाच्या ग्रंथालयात पदवी तुम्हाला दारापर्यंत नेते, आत घेऊन जाते ती त्या विषयाची भाषा. आणि ही भाषा शिकायला वशिला लागत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागल्यावर सांगत आहे. १९७९ साली मी तेवीस वर्षांचा होतो. वडील बोटीवर खलाशी. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. इतिहास घेऊन बी. ए. झालो, मग ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि एका मोठ्या इस्पितळाच्या ग्रंथालयात साहाय्यकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. पहिला प्रश्न डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांवर होता. मी ती घडाघडा म्हणून दाखवली. त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणाविषयी विचारले, तेही सांगितले. मला वाटले, जागा आपलीच. मग टेबलाच्या कडेला बसलेल्या एका वृद्ध डॉक्टरांनी विचारले, "समजा, मी तुमच्याकडे कॅन्सरवरचे लेख मागितले. इंडेक्स मेडिकसमध्ये तुम्ही ते कुठे पाहाल?"

इंडेक्स मेडिकस ही जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांची सूची. अमेरिकेत डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी ती १८७९ साली सुरू केली. मी तिचे नाव पुस्तकात वाचले होते, तिचा एक अंकही उघडून पाहिला नव्हता. मी उत्तर दिले, "सी या अक्षराखाली." डॉक्टरांनी मान हलवली आणि माझी फाईल मिटली.

जागा दुसऱ्याला मिळाली. मी घरी येऊन सांगितले, की सारे आधीच ठरलेले होते, आपले नाव पाहूनच त्यांनी फुली मारली. घरच्यांनाही ते पटले. असे पटायला वेळ लागत नाही. पुढे काही महिन्यांनी मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी, की वैद्यकीय सूचीत कॅन्सरचे लेख 'निओप्लाझम्स' या शीर्षकाखाली असतात. दुसरी अशी, की ज्याला ती जागा मिळाली तो मुलगा वर्षभर एका औषध कंपनीच्या ग्रंथालयात काम केलेला होता आणि त्याला हे ठाऊक होते.

अन्याय कुठेच होत नाही असे मी म्हणणार नाही. नंतर एका ठिकाणी मी मुलाखतीला गेलो तेव्हा जागा खरोखरच आधी भरलेली होती, आम्हाला केवळ रकाने भरण्यासाठी बोलावले होते. असे प्रकार घडतात आणि त्याची चीड यावी हेही योग्यच. पण ज्या दिवशी मी 'सी या अक्षराखाली' असे उत्तर दिले त्या दिवसाचा दोष माझा होता. तो दुसऱ्यावर टाकून मी स्वतःची सहा महिन्यांची फसवणूक केली. तुमच्यापैकी जे निराश होऊन बसले आहेत त्यांनी आपले प्रत्येक अपयश असे तपासून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. त्यातले काही परक्यांच्या खाती जाईल, काही आपल्या. आपल्या खात्यातले दुरुस्त करणे आपल्या हाती असते.

त्यानंतर मी दुसऱ्या एका इस्पितळाच्या ग्रंथपाल बाईंना जाऊन भेटलो आणि सरळ विचारले, की मला पगार नको, पण शिकू द्याल का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, "शनिवारी या. धूळ झटकावी लागेल." पुढचे सहा महिने मी त्यांच्याकडे उमेदवारी केली. सुटे अंक क्रमाने लावायचे, आलेल्या अंकाची कार्डेक्सवर नोंद करायची, न आलेल्या अंकासाठी पत्र लिहायचे, वर्षाचे खंड बांधणीला पाठवायचे. आणि दर शनिवारी बाई मला दहा शब्द लिहून द्यायच्या. पुढच्या शनिवारी ते पाठ म्हणून दाखवायचे.

ते शब्द कसे असत ते सांगतो, कारण तुम्हालाही तेच करायचे आहे. वैद्यकातील बहुतेक लांबलचक शब्द ग्रीक व लॅटिन तुकडे जोडून झालेले असतात. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' असेल तर दाह. 'एक्टमी' असेल तर शस्त्रक्रियेने काढून टाकणे. 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड, 'हेपॅटो' म्हणजे यकृत, 'कार्डिओ' म्हणजे हृदय. एवढे पाच तुकडे आले की नेफ्रेक्टमी, हेपॅटायटिस, कार्डायटिस हे शब्द कोणी न सांगता समजतात. असे दीडशे-दोनशे तुकडे आले की डॉक्टर काय मागतो ते कानाला कळू लागते. मी इतिहासाचा विद्यार्थी, मला जीवशास्त्राचा गंध नव्हता. तरी सहा महिन्यांत मला एवढे जमले. तेव्हा विज्ञान शाखेचे नसणे ही अडचण आहे, पण अडसर नाही.

दुसरी गोष्ट शिकलो ती विषयशीर्षकांची. रुग्ण म्हणतो हार्ट अटॅक, सूची म्हणते 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. आपण म्हणतो हाय ब्लडप्रेशर, सूची म्हणते 'हायपरटेन्शन'. मुतखड्याला सूचीत 'किडनी कॅल्क्युलाय' म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० पासून ही शीर्षके ठरवून दिली आहेत. त्या यादीला थोडक्यात 'मेश' म्हणतात. या यादीत 'कॅन्सर' पाहिले तर 'निओप्लाझम्स पाहा' असे लिहिलेले असते. मुलाखतीपूर्वी एक तास मी ती चाळली असती तरी पुरे होते.

तिसरी गोष्ट मी चुकीतून शिकलो. एके संध्याकाळी एक निवासी डॉक्टर धावत आला. कीटकनाशक प्यालेला रुग्ण दाखल झाला होता, त्याला विषबाधेवरील उपचारांचे पुस्तक हवे होते. मी कपाटातून हाताला आले ते पुस्तक त्याच्या हाती दिले आणि आपण तत्परतेने काम केले म्हणून खूश झालो. बाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि दुसरे दिले. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही दिलेत ते दोन आवृत्त्या जुने होते. तुमच्या इतिहासात जुने पुस्तक साधन असेल, इथे जुने पुस्तक धोका आहे." त्या रात्री मला झोप लागली नाही. पुस्तकावरील सालाचा संबंध माणसाच्या श्वासाशी असू शकतो हे मला तेव्हा प्रथम कळले. पुढे नोकरीत असताना मी दरवर्षी जुन्या आवृत्त्या वाचनकक्षातून काढून वेगळ्या ठेवीत असे. अनेकांना ती पुस्तकांची नासाडी वाटे. मी कोणाशी वाद घातला नाही, पण ते काम कधी थांबवलेही नाही.

सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी एकजण लांब रजेवर गेला आणि मला रजेच्या जागेवर घेतले. नंतर एका वैद्यकीय महाविद्यालयात कायम झालो. तिथेही मुलाखत झाली. या वेळी मला विचारलेल्या सहा प्रश्नांपैकी पाच प्रश्न शनिवारच्या वहीतले होते.

आता तुम्ही म्हणाल, की हे काम म्हणजे डॉक्टरांना पुस्तके आणून देणे, यात विशेष काय? म्हणून एक प्रसंग सांगतो. १९८७ साली कोकणातील एका ग्रामीण रुग्णालयातून एका तरुण डॉक्टरचे पोस्टकार्ड आले. विंचू चावलेली मुले त्याच्याकडे येत होती. काही बरी होत, काहींच्या छातीत पाणी होऊन ती दगावत. यावर नवीन काही छापले गेले आहे काय, असे त्याने विचारले होते. मी सूचीचे वार्षिक खंड काढले. विंचू या शीर्षकाखाली पाहिले, विंचवाच्या विषाखाली पाहिले, हृदयविकारांखाली पाहिले. आणि काय सापडले? लंडनच्या 'लॅन्सेट'मधले १९८२ चे आणि १९८६ चे लेखन, आणि त्याखाली नाव रायगड जिल्ह्यातील महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे. लाल विंचवाच्या दंशात हृदयावर काय परिणाम होतो आणि रक्तदाब कमी करणारे प्राझोसिन हे औषध त्यावर कसे उपयोगी पडते, हे त्यांनी बिरवाडी-महाडच्या रुग्णांवरून जगाला दाखवले होते.

विचार करा मित्रांनो. हे काम आपल्या कोकणात झाले. छापले गेले लंडनमध्ये. त्याची नोंद झाली अमेरिकेत. आणि त्याच कोकणातल्या दुसऱ्या डॉक्टरला ते ठाऊक नव्हते. मधे एक माणूस हवा होता, तो मी झालो. झेरॉक्स प्रती टपालाने पाठवल्या, एवढेच मी केले. महिन्याभराने त्या डॉक्टरचे दुसरे कार्ड आले. त्यात एकच ओळ होती, की औषध मागवले आहे आणि एक मुलगा चालत घरी गेला आहे. ते कार्ड मी अजून जपून ठेवले आहे. या विषयातील ज्ञान तिथेच थांबले नाही. विंचवाची प्रतिलस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो हे दाखविणारा बावस्करांचा अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. म्हणजे आज कोणी तोच प्रश्न विचारला आणि मी १९८६ चा लेख देऊन हात झटकले, तर मी पुन्हा जुनी आवृत्तीच दिली असे होईल.

आता काळ बदलला आहे. छापील इंडेक्स मेडिकस २००४ च्या अखेरीस बंद झाला. त्या सूचीचे संगणकीय रूप 'पबमेड' या नावाने १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे. त्यात आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि तुमच्या हातातल्या फोनवरही ते उघडते. तेव्हा काही लोक विचारतात, आता ग्रंथपाल हवाच कशाला? मी त्यांना म्हणतो, 'कॅन्सर' एवढा शब्द घालून बघा. लाखो लेख पुढे येतील. रात्रपाळीचा डॉक्टर त्यांतले कोणते वाचणार? विहीर भरलेली आहे, पण पोहरा सोडायचा कसा हे ठाऊक असावे लागते. शिवाय हल्ली विचारल्याबरोबर उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखाचे नाव, साल आणि पृष्ठांकासह बेधडक सांगतात. तो लेख खरोखर आहे काय, आणि असल्यास त्यात तेच म्हटले आहे काय, हे पडताळून पाहणारा माणूस आज पूर्वीपेक्षा अधिक हवा आहे.

डॉ. रंगनाथन यांचे उदाहरण या बाबतीत मला नेहमी आठवते. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. ते त्यांनी लंडनला जाऊन घेतले आणि १९३१ साली आपली सूत्रे मांडली. त्यातले वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे सूत्र मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ मला कीटकनाशकाच्या त्या संध्याकाळी कळला.

आता व्यवहाराचे बोलू. तुम्ही उद्या सकाळपासून काय करावे?

प्रथम क्षेत्र निवडा. सर्व दरवाजे ठोठावणाऱ्याला कोणताच दरवाजा ओळखत नाही. आरोग्याचे क्षेत्र निवडाल तर वैद्यकीय महाविद्यालयाखेरीज दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, परिचर्या आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयेही आहेत. प्रत्येकाला ग्रंथालय लागतेच. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, हाफकिन संस्था, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था अशा ठिकाणी संशोधकांसाठी ग्रंथालये आहेत. मोठ्या औषध कंपन्यांत वैद्यकीय माहिती पुरविणारे विभाग असतात. तिथल्या जाहिरातीत ग्रंथपाल हा शब्द नसतो, पण काम आपलेच असते.

युनानीचा मी मुद्दाम उल्लेख केला. मुंबई, पुणे, मालेगाव येथे युनानी महाविद्यालये आहेत. इब्न सीनाच्या 'अल-कानून फित-तिब्ब'सारखा ग्रंथ मूळ अरबीत, पुढची कितीतरी परंपरा फारसी आणि उर्दूत. तुमच्यापैकी अनेकांना लहानपणापासून उर्दू वाचता येते, काहींनी अरबी-फारसी शिकलेली आहे. त्याला आजवर तुम्ही नोकरीच्या दृष्टीने किंमत दिली नसेल. पण उर्दू-फारसीची पाठपृष्ठे वाचू शकणारा, आणि त्याचबरोबर शास्त्रशुद्ध तालिका करू शकणारा माणूस शोधायला गेले तर सहज मिळत नाही. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयाला १९६९ साली संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली, रामपूरच्या रझा ग्रंथालयाला १९७५ साली दिली. तिथली हस्तलिखिते, किंवा आपल्या पुण्याच्या पेशवे दप्तरातील फारसी कागद, हेही एक विशेष क्षेत्रच आहे. घरात असलेले भांडवल आधी मोजून पाहा.

दुसरे, पात्रता नीट समजून घ्या. नुसत्या पदवीवर साहाय्यकाच्या जागा मिळू शकतात. महाविद्यालयीन ग्रंथपालासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी आणि त्याबरोबर नेट किंवा सेट लागते. इस्पितळे व कंपन्या यांचे नियम वेगवेगळे असतात, म्हणून प्रत्येक जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. घर सोडून शिकता येत नसेल तर मुक्त विद्यापीठांचा मार्ग आहे. मात्र प्रवेशाआधी त्या वर्षीची मान्यता पडताळून पाहा.

तिसरे, एक दोनशे पानी वही करा. रोज दहा वैद्यकीय शब्द, त्यांचे तुकडे आणि मेशमधले शीर्षक. तीन महिन्यांत नऊशे शब्द होतात. त्याच वहीत वर्गीकरणही लिहा. अनेक वैद्यकीय ग्रंथालयांत अमेरिकी राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची पद्धत वापरतात. त्यात हृदय व रक्तवाहिन्यांची पुस्तके डब्ल्यू-जी या अक्षरांखाली, बालरोगांची डब्ल्यू-एस खाली, शस्त्रक्रियेची डब्ल्यू-ओ खाली येतात. मुलाखतीत हे एवढे सांगणारा उमेदवार वेगळा दिसतो.

चौथे, प्रश्न फोडायला शिका. डॉक्टरचा प्रश्न चार भागांत मांडायचा असतो : रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, आणि निष्पत्ती कोणती पाहायची. उदाहरणार्थ : विंचू चावलेली मुले, प्रतिलस व प्राझोसिन एकत्र, नुसत्या प्राझोसिनशी तुलना, आणि बरे व्हायला लागणारा वेळ. असा प्रश्न घेऊन पबमेडवर बसा. दर आठवड्याला एक असे केलेत तर वर्षाला पन्नास प्रश्नांचा अनुभव गाठीशी येतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

पाचवे, उमेदवारी करा, पण बेताने. जवळच्या वैद्यकीय ग्रंथालयात जा, ग्रंथपालांना भेटा, आठवड्यातून एक दिवस मागा. तीन-चार जण नाही म्हणतील, म्हणू द्या. सहा महिन्यांपलीकडे फुकट काम करू नका, आणि निघताना केलेल्या कामाचे पत्र मागून घ्या. याचा आणखी एक फायदा असा, की रजेच्या जागा आणि तात्पुरत्या जागा बऱ्याचदा वर्तमानपत्रात येतच नाहीत. त्या ग्रंथालयाच्या टेबलावरच कळतात. आपण ज्याला ओळख म्हणतो ती अशी कामातून होते, आणि अशी ओळख सांगायला कोणाला लाज वाटायला नको.

सहावे, अर्ज. त्या त्या संस्थेत काय शिकवतात, कोणते संशोधन चालते हे आधी पाहा आणि अर्जात त्याचा उल्लेख करा. अर्जासोबत एका पानाचा शोधाचा नमुना जोडा : हा प्रश्न, ही शीर्षके, हे सापडलेले पाच लेख, त्यांतील हे दोन महत्त्वाचे आणि का. पदव्या सर्वांच्याच असतात. असे पान जोडणारे थोडे असतात.

सातवे, संस्थेची परिस्थिती विचारून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'एक देश, एक वर्गणी' योजनेखाली सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. खासगी महाविद्यालयांना मात्र आपापली वर्गणी भरावी लागते. म्हणजे सरकारी ठिकाणी आलेली नियतकालिके वाचकांपर्यंत पोहोचविणारा माणूस हवा, आणि खासगी ठिकाणी थोड्या पैशांत नेमके काय घ्यावे हे सांगणारा हवा. मुलाखतीत हा फरक जाणणारा बोलू लागला की समोरचे कान टवकारतात.

हे सारे केल्यावर नोकरी हमखास मिळेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. अनेक जागा कंत्राटी असतात, पगार कमी असतो, मंजूर पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत. माझ्या पहिल्या पगारातून घरभाडे देऊन हाती फारसे उरत नव्हते. पहिल्या जागेवरून दुसरी जागा मिळते हे ध्यानात ठेवून सुरुवात करा, पण कंत्राटाची मुदत, सुट्टी आणि पगाराचा दिवस हे तीन प्रश्न रुजू होण्याआधी विचारा. आणि जागेसाठी कोणी पैसे मागितले तर त्याच्या दारात उभे राहू नका. आईच्या बांगड्या मोडून घेतलेली खुर्ची माणसाला कधी ताठ बसू देत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलीने ग्रंथालयशास्त्र घेतले की तुम्ही म्हणता, बरे झाले, बसून करायचे काम आहे. ते बसून करायचे काम नाही. त्यात रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते, गावाबाहेर प्रशिक्षणाला जावे लागते, परक्या डॉक्टरशी न बिचकता बोलावे लागते. मुलीला शिकवलेत, तर आता तिला एवढे करू द्या. मला घडविणाऱ्या बाई रात्री नवाच्या लोकलने घरी जात असत.

शेवटी त्या मुलीविषयी. गेल्या वर्षी मी तिच्यासाठी कोणाकडेही शब्द टाकला नाही. आईला त्या दिवशी वाईट वाटले असेल. मी तिला मेशचा पत्ता दिला, वहीची कल्पना दिली आणि तिच्या घरापासून जवळ असलेल्या एका दंतवैद्यक महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना जाऊन भेटायला सांगितले. ती दर शनिवारी जाऊ लागली. चार महिन्यांनी तिने तीनच अर्ज केले, तिन्ही वेगवेगळे. दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एकीकडे जमले नाही. दुसरीकडे तिला अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घेतले आहे. पगार मोठा नाही. अकरा महिन्यांनी काय होईल हे तिलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. पण परवा तिचा फोन आला. म्हणाली, "सर, आज एका विद्यार्थ्याला त्याच्या प्रबंधासाठी लेख शोधून दिला. दोन दिवस त्याला मिळत नव्हता. तो चुकीच्या शीर्षकाखाली बघत होता."

ती आज इथे आलेली नाही, कारण आज शनिवार आहे आणि तिचे ग्रंथालय उघडे आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या पिशवीत एकाच मायन्याच्या अर्जांची फाईल असेल, त्यांनी ती आज घरी गेल्यावर एकदा काढून वाचावी. आणि उद्या एक वही आणावी.